सत्त्याऐंशी

शाळेत थर्मामीटर एकच.
तो मी मोज्यात गुंडाळून कपाटात ठेवतो.
मोजा माझाच, अल्पाकाच्या लोकरीचा, टाचेला भोक.

पुस्तक म्हणतं, पाणी शंभर अंशांना उकळतं.
एल आल्तोत, चार हजार मीटरवर,
पातेल्यात बुडबुडे उड्या मारत होते
आणि पारा सत्त्याऐंशीच्या जरा खाली
बूड टेकून बसला होता.

“मोडलाय तो, प्रोफे,” रेनान म्हणाला.
“गॅस वाढवा,” मागचा बाक ओरडला.
वाढवला. पातेलं थडथडलं, खिडकी घामेजली.
पारा ढिम्म.

मग मी हवेच्या ओझ्याचं सांगितलं.
खाली किनाऱ्यावर ती पाण्याच्या उरावरच बसते,
इथं नुसता खांद्यावर हात ठेवल्यासारखी,
म्हणून पाणी लवकर निसटतं.
शंभर हा आकडा समुद्रसपाटीचा.

“मग तो चिलीकडे गेला असणार,”
लिद्या टिकोना म्हणाली,
“समुद्राबरोबर.”
वर्ग हसला. मीही हसलो.
दर मार्चमध्ये आम्ही बँड वाजवत चालतो
आजोबांच्याही आजोबांच्या हातून गेलेल्या पाण्यासाठी,
आणि पोरांनी लाट पाहिलेली असते ती कॅलेंडरवर.
फळ्यावरचा शंभर मी पुसला नाही.
शेजारी आमचा आकडा लिहिला, थोडा मोठ्या अक्षरात.

वहीतली रेघ चढत गेली
आणि एकदम आडवी झाली.
ज्योत तर चालूच आहे, मग ऊब जाते कुठं?
“याला पठार म्हणतात,” मी म्हणालो,
आणि सगळ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.
कणांनी कणांचे हात धरलेले असतात, पोरांनो.
ते सोडवण्यात सगळी शक्ती खर्च होते,
थर्मामीटरला त्याचा पत्ता नसतो.

त्याच आठवड्यात लिद्यानं पिशवी आणली: चुन्यो.
मामाच्या शेतातले बटाटे,
रात्री दहिवरात गोठलेले, दिवसा उन्हात टाकलेले,
मामानं अनवाणी तुडवलेले,
आता काळे, नदीतल्या खड्यांसारखे, पण हलके.
निघाले तेव्हा दहा किलो होते.
काटा दोनाच्या थोडा पुढं थांबला.
“आधी पिशवी वजा कर.” तिनं केली. दोन.

आठ किलो मग गेले कुठं?
गवतात, मामाच्या बोटांच्या बेचक्यांत, कोरड्या वाऱ्यात.
“नाहीसं काहीच होत नाही,” मी म्हणालो,
“आपल्या काट्यावरून उतरतं एवढंच.”
हे वाक्य मी वीस वर्षं म्हणतो आहे.

ती काट्याकडेच बघत राहिली.
तिचे वडील साओ पाउलोत शिवणयंत्रावर बसतात,
तळघरात, दुसऱ्यांच्या जीन्स शिवत.
“तीन वर्षांत येतो म्हणालेत,” ती म्हणाली.
“प्रोफे, त्यातला अंदाजाचा अंक कुठला?”

मीच शिकवलं होतं:
पारा दोन रेघांच्या मध्ये थांबला
तर शेवटचा अंक नजरेनं ठरवायचा,
आणि लिहायचाच, लाजायचं नाही.
तीनला एकच अंक.
पहिला तोच, शेवटचाही तोच.
तिला हे ठाऊक होतं.

घंटा झाली. चुन्यो तिनं परत पिशवीत भरले,
दोन माझ्या टेबलावर ठेवले.
थर्मामीटर मोज्यात सरकवताना
टाचेच्या भोकातून त्याचं टोक बाहेर आलं.
खोलीचं तापमान नऊ.
साडेनऊ म्हणू या.