म्हंजे काय ओ, बाई?

वारणालीतल्या पाटबंधारे ऑफिसात
ऑगस्टभर माझी रात्रपाळी.
एक टेबल, एक फोन, एक नोंदवही
आणि तासातासाला आयर्विन पुलावरून येणारा आकडा.

लोक विचारतात, पाणी किती फुटांवर?
गाडी वर काढू का? म्हशी सोडू का?
हरिपूरचे जिन्नाप्पा मगदूम तेवढे
रात्री एक-दीडला फोन करून शब्द विचारतात.
“रेडिओवाला क्युसेक म्हणाला. म्हंजे काय ओ, बाई?”

मी पुस्तकातलं सांगते : सेकंदाला एक घनफूट.
“घागरीत सांगा.”
पापणी लवते तेवढ्यात दोन घागरी.
“आणि कोयनेतनं पन्नास हजार?”
पलीकडे हिशेब चाललेला, नुसता श्वास ऐकू येतो.
“एवढ्या घागरी न्यायला बाया कुठनं आणायच्या?”

फुगवटा.
हा काही त्यांना पटेना.
“भाकरी फुगती, बेडकी फुगती. नदी कशानं फुगंल?”
पुढची नदी घेईना झाली की मागचं पाणी थटतं.
“हां. इवायानं दार उघडलं न्हाई
की पावणा कट्ट्यावर बसतो, तसं.”
सकाळी ही व्याख्या मी अभियंता गुरवांना ऐकवली.
ते हसले नाहीत. डायरीत लिहून घेतली.

इशारा चाळीस फुटांना, धोका पंचेचाळीसला.
“इशारा ऱ्हाऊ द्या. पर धोका म्हणू नगा.
धोका सांगून येत न्हाई.
ही तीन दिवस आधी निरोप धाडती.”

एकदा नकाशा समोर होता, बोलून बसले
की लाल पूररेषा तुमच्या देव्हाऱ्यावरून जाते.
“मग पार्श्वनाथ अल्याड का पल्याड?”
एवढं बारीक नकाशात दिसत नाही हो.
“बघा की जरा.”
चष्मा काढून, नाक टेकवून बघितलं.

मग मीच विचारलं : पेव म्हणजे काय?
मला फक्त ते फुटतं एवढंच माहीत.
क्लासेसचं पेव, मोबाइलच्या दुकानांचं पेव.
हळदीच्या हमालीत तीस वर्षं घातलेला माणूस
बराच वेळ गप्प.
“जमिनीच्या पोटातली खोली. पंचवीस फूट खोल.
हळद ठेवली की चार-पाच वर्षं कीड न्हाई, काय न्हाई.
उघडलं की लगीच उतरायचं नसतं.
आधी दोरीनं कंदील सोडायचा.
इझला तर थांबायचं. आत हवा न्हाई.”
आणि आता कुठं आहेत ती?
“पुरात बसली.
फुटली न्हाईत, बाई. बसली.”

तेव्हापासून बुलेटिन लिहिताना
एकेक शब्द मी आधी खाली सोडून बघते.
आवक : जळतोय, पिवळाधमक.
सतर्कता : मिणमिणतोय.
संभाव्य परिस्थिती विचारात घेता : विझला.

आज त्रेचाळीस फूट सात इंच.
हरिपूरच्या गल्ल्या भरल्यात, जिन्नाप्पा छावणीत,
शाळेच्या वर्गात, तिसरीच्या बाकाशेजारी.
“विसर्ग वाढवला म्हणं. गुर्जींनी तर
विसर्ग म्हणून दोन टिंबं शिकवलेली.”
तोच शब्द. सोडणं.
तिथं श्वास सोडायचा, इथं पाणी.
“दुःखाच्या मधी असत्यात, ती?”
तीच.
“मी कायम गाळायचो. लई मार खाल्ला त्यापायी.
मला वाटायचं, टिंबंच तर हायत,
त्याबिगर शब्द काय बुडणार हाय का...”

आवाज तुटला. नंतर दोनदा लावला,
ग्राहक संपर्कक्षेत्राबाहेर.

पुलावरून आकडा आला, तोच, इंचाचा फरक नाही.
शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं : स्थिर.
हा शब्द त्यांनी नक्की विचारला असता
आणि मला सांगता आला नसता.
वेळेच्या रकान्यात लिहिलं ३:१०
आणि मधली दोन टिंबं
पेन दाबून पुन्हा गिरवली.