पट्ट्यांची खोली

तवा पंचावन्न अंशांवर.
वर काचेचं नळकांडं, आत पांढरा उंदीर, माझ्या हातात स्टॉपवॉच.
पाय चाटला की बटण.
नुसतं सलाइन टोचलेला सहा सेकंदांत चाटतो.
मॉर्फिनवाला उभाच,
जसं कुणी दाभोळकर कॉर्नरला बसची वाट बघतंय.
पंधराला उचलायचाच,
त्याची तक्रार नसली तरी.

"शेपूट उठलं बघा," दस्तगीरमामा म्हणतात.
पाठीवर वळलेलं, ताठ, विळीच्या पात्यागत.
मामा सव्वीस वर्षं इथला भुसा बदलतात,
कुणाच्या डोक्यावर, कुणाच्या शेपटीच्या बुडाशी
पिक्रिकचा पिवळा ठिपका देतात
आणि कुणालाच नावं ठेवत नाहीत.

नवव्या दिवशी तोच डोस, तोच तवा.
सात सेकंद.
मी वहीत लिहिते: सहनशीलता.
मामा वाकून वाचतात.
"बाई लई सहनशील, असं म्हणायची माणसं.
आमच्या हमिदाला."
आणि बाटल्या धुवायला जातात.

दहाव्या दिवशी उतारा टोचला. उड्या.
अर्धा तास मोजायच्या.
मामा उडीला एक काडी मांडत होते,
पेटी संपली, पुन्हा पहिल्या काडीपासून.
चौऱ्याहत्तर.
त्या दिवशी कुणी चहा घेतला नाही.

मग नवे उंदीर, दोन खोल्यांची पेटी.
एक पांढरी, एक पट्ट्यापट्ट्यांची.
आठवडाभर सुई फक्त पट्ट्यांत.
शेवटच्या दिवशी सुई नाही, मधलं दार उघडं.
तो हुंगत फिरतो, पांढरीत डोकावतो,
पट्ट्यांत जाऊन कोपऱ्यात बसतो.
पंधरा मिनिटांतली अकरा.
तिथं काहीच नाही,
फरशी मी स्वतः स्पिरिटनं पुसली आहे.

भाच्याचा एक्स-रे आणायला सीपीआरमध्ये गेले
तर खाली मामांची सायकल.
दुसरा मजला, जिन्याशेजारचं बाकडं.
याच वॉर्डात तिला पहिल्यांदा ती गोळी लागू पडली होती,
दोन महिन्यांनी बाई पाठ टेकून झोपली,
मामा बाहेर बाकड्यावर, घोरणं ऐकत रात्रभर जागे.
बाटल्या धुताना एकदाच बोलले होते.
तिला जाऊन आता तीन वर्षं.

मांडीवर डबा, न उघडलेला.
मला त्यांनी पाहिलं नाही.
मी जिन्यातच थांबले,
अंगठा उगाच बटण शोधत राहिला.

वॉचमननं विचारलं, "कुणाबरोबर आलाय, मामा?
पेशंट कुठाय?"

"हाय की," मामा म्हणाले.
"झोपलीया."