नावाशेवटचा ठिपका

साऱ्या जगातल्या नावांची म्हणे तेराच मुळं.
मुंजाजी कऱ्हाळेनं ती बोटांवर मोजली
आणि विचारलं, "ह्यातलं वसमतला कोणतं?"
कुणीच बोललं नाही.
"मंग चौदावं मी."

केबलच्या दुकानात मागं, जिथं कूलर ठिबकायचा,
तिथं पाटावर त्याचं मशीन.
अर्ध्या गावाला त्याची वायर.
नाव शंभर रुपयाला, निळी पावती.
हळद, मोंढा, गूळ, एक टेलर, दोन दवाखाने.
नावाच्या शेपटाला दिल्ली नाही, अमेरिका नाही,
नुसतं वसमत.

उरलेल्या अर्ध्या गावाला माझी वायर.
मीही मूळ काढलं. आता कबूल करायला काय जातंय,
त्याचीच फाइल उचलली
आणि 'हळद' दुसऱ्यांदा विकली.
त्यानं चौधरींना दिली होती, मी बासटवारांना.

कालव्याच्या अलीकडं 'हळद' टाइप केलं
की चौधरींचं शटर उघडायचं,
पलीकडं बासटवारांचं.
खोटं कुणीच नव्हतं. भाव तेवढे दोन.
निजामाबादचा एक अडत्या पुलावर उभा राहून
फोन इकडं धरायचा, तिकडं धरायचा,
आणि नांदेडला पोचला की दोन्ही दुकानं गायब.

वर्षभर भांडलो.
ईदच्या आदल्या रात्री त्यानं माझी वायर कापली,
महालक्ष्म्यांच्या जेवणादिवशी मी त्याची.
त्यात धरम नव्हता.
सणाला गिऱ्हाईक घरी असतं, एवढंच.

तहसीलदार म्हणाले, सातबारा कुठाय?
त्यानं वही काढली, मी रजिस्टर.
फेरफार कुणी ओढला?
आम्ही एकमेकांकडं बघितलं.
दाराशी उभा कोतवाल पुटपुटला,
"नदीचं मूळ अन् ऋषीचं कूळ इचारू नाही, साहेब,
अन् हे तर नुसतं खोकं हाय."
साहेब हसले नाहीत. त्यांनी लिहिलं,
सदर नावे या तालुक्याच्या हद्दीत आढळून येत नाहीत.

मग मोबाइलचा डेटा स्वस्त झाला
आणि दोन्ही मुळं एकाच उन्हाळ्यात वाळली.

मशीन भंगारात द्यायच्या दिवशी मुंजाजी आला.
चहा नको म्हणाला.
"खतीबसाब, एक वळ तुमच्याकडं ठिवा.
हिची पावती फाडली नव्हती कुणाला."

सावरदरी.
धरणात गेलेलं गाव. पुनर्वसनात त्याला नंबर मिळाला होता.
नाव उघडलं तर पांढरं पान,
त्यावर एकोणीस घरं,
आडापासून उजव्या हातानं, चुलत्यानं सांगितली तशी.

प्रत्येक नावाच्या शेवटी एक ठिपका असतो.
तो कुणी लिहीत नाही, छापत नाही,
पण शोध तिथूनच सुरू होतो.
आमचं सगळं भांडण त्या ठिपक्याचं होतं,
ही गोष्ट गिऱ्हाइकाला कधी सांगताच आली नाही.

माझं मशीन अजून चालू आहे, माझ्या घरापुरतं.
लाइटबिल आलं की मुलगा त्याच्याकडं बघतो, मग माझ्याकडं.
रविवारी दुपारी मी सावरदरी टाइप करतो,
ठिपक्यासकट.
अठरा घरांना आडनावं आहेत.
एकोणिसाव्यापुढं लिहिलंय, 'इचारून सांगतो.'
मुंजाजी आता पुण्याला असतो, पोराकडं.
फोन करीन म्हणतो.