येथे गहू दळून मिळणार नाही

पाटी मीच रंगवली, खडूनं नाही, ऑइलपेंटनं,
म्हणजे पुसायचा मोह नको.
तरी रोज कुणीतरी डबा ठेवतंच,
"अहो झगडे, पाचच किलो लोकवन आहे,
आपण काय परके का?"

एकतीस वर्षं दळला.
पापण्यांवर पीठ, कानाच्या पाळीत पीठ,
बायको म्हणायची, तुम्हालाच मळून पोळ्या लाटाव्यात.
चिमटीत धरून सांगायचो
सिहोर का लोकवन,
का भुसारवाल्यानं दोन्हींचं लग्न लावलंय.

सुरुवात पोटापासून झालीच नाही.
सुरुवात पट्ट्यापासून झाली.
मोटरचा पट्टा सैल पडला की गिरणी मधेच
एक फेरा गिळते आणि पुढचे दोन घाईनं उरकते,
तो आवाज मला झोपेतही कळतो.
बटण बंद केलं. दगड थांबले.
आवाज चालूच.
शर्टाच्या आत.

रास्ता पेठेत इको काढला. पंपिंग पस्तीस टक्के.
मोठ्या डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या, मीठ तोडलं.
त्यांच्या हाताखालच्या एक बाई होत्या, डॉक्टर मोकाटे,
फाईल उलटी चाळत म्हणाल्या,
"काका, रक्त किती वर्षं कमी आहे?"
पंधरा, म्हटलं. लोहाच्या गोळ्या खातो, मुरत नाहीत.
"आणि पोट?"
पोटाचं काय,
चारचौघांसारखं. फुगतं. बिघडतं. चालायचंच.

दुर्बीण घातली, तुकडा काढला.
बाईंनी कागदावर आतडं काढून दाखवलं,
आत लव असते म्हणे, मखमलीसारखी,
तीच अन्न ओढून घेते.
माझी झिजून सपाट,
टाकी लावायला आलेल्या जात्यासारखी.
हे मला कळलं. बाकीचं नाव
अजून नीट उच्चारता येत नाही.

मग गव्हानंच काळीज थकवलं का, विचारलं.
बाईंनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं.
"संबंध असू शकतो.
काहींच्यात दिसतो, काहींच्यात नाही.
नक्की मला सांगता येणार नाही.
गहू बंद, गोळ्या चालू. बघू."
पुण्यात आयुष्य गेलं,
"नक्की सांगता येणार नाही" म्हणणारं माणूस
तेव्हा पहिल्यांदा भेटलं.

लोक मात्र नक्की सांगतात.
खपली खा, खपली चालते.
(नाही चालत. विचारून आलो.)
धाकट्या भावाकडे सत्यनारायण,
शिऱ्याचा द्रोण हातात,
गुरुजी म्हणाले कणभर घ्या, प्रसादाला पथ्य नसतं.
द्रोण धरून उभा राहिलो,
भावजयीचा चेहरा उतरेपर्यंत,
मग पुतण्याच्या हातात दिला.
घरी येताना वाटलं, आपण वाळीत पडलो,
आणि वाळीत टाकणारेही आपणच.

मोठी चक्की शिक्रापूरच्या माणसानं टेम्पोत घातली.
फरशीवर तिचा चौकोन राहिला, पांढरा.
चार दिवस ओल्या फडक्यानं पुसत होतो,
पंख्याच्या पात्यांवर, मीटरच्या मागे,
गणपतीच्या तसबिरीत, काचेच्या आतल्या बाजूला,
पीठ. तिथं कसं गेलं देव जाणे.
आता ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ.
गल्ला निम्म्यावर.

वर्षानं पंपिंग सेहेचाळीस.
गोळ्यांमुळं का भाकरीमुळं?
बाई हसल्या, म्हणाल्या, "असू शकतं."

परवा सिंहगड रोडवरून एक मुलगी आली,
दोन बशी बदलून, डब्यात दोन किलो ज्वारी.
मुलगा साडेतीन वर्षांचा, त्यालाही तेच.
"इथं गहू कधीच नसतो ना?"
मी पाटीकडं बोट केलं.
तिनं पाटी वाचली.
तरी गिरणीच्या तोंडावरून एक बोट फिरवलं,
उजेडात धरून पाहिलं.

दुसरं कुणी असतं तर सुनावलं असतं.
रात्री दिवा मालवल्यावर मीही तेच करतो,
दोन बोटं, मनगटावर.