नमुना सही

एकतीस वर्षं मी सह्या जुळवल्या,
बेलापूरच्या शाखेत, जिन्याखालच्या टेबलावर.
लोखंडी कपाट, कपाटात पिवळी कार्डं,
कार्डावर माणूस, निळ्या शाईत.

पहिल्याच आठवड्यात कर्णिकसाहेब म्हणाले होते,
फार सुबक सही आली की पेन खाली ठेवायचं.
खोटी सही हळू काढलेली असते,
वळणावर शाई साचते.
खऱ्या माणसाची रिक्षा बाहेर उभी असते.

दिवाळ्याच्या चांगुणाबाईची सही
दोनदा सारखी कधी आलीच नाही.
'चां'वरचं टिंब एकदा छपरावर, एकदा पार रस्त्यात.
ओलसर, मासळीच्या वासाच्या नोटा आणि ती सही.
मी दर वेळी पास केली.
नियमात बसत नव्हती. तिच्यात बसत होती.

आज तिचा नातू प्रणित माझ्या सोफ्याच्या अगदी कडेवर.
त्याच्या हातात मोबाईल, तिच्या हातात सुकटीची पिशवी.
काकू, मेल आलाय.
आजीचं खातं बंद होणार, आज रात्री बारापर्यंत.

चष्मा लावला.
बोधचिन्ह लख्ख,
आमच्या पाटीवर इतकं लख्ख ते कधी नव्हतंच.
आणि त्याखाली: प्रिय ग्राहक.

एकतीस वर्षांत आम्ही कुणालाही प्रिय म्हटलं नाही.
आम्ही नाव लिहायचो, चुकवून का होईना,
आणि पुढे, आपणांस कळविण्यात येते की.

पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं,
चेकवरची अक्षरी रक्कम वाचावी तसं.
बँकेच्या नावातला 'आय' हा 'आय' नव्हता,
त्याच्या जागी एकाचा आकडा उभा होता,
दुसऱ्याचा गणवेश घालून.

खाली निळं बटण.
प्रणितचा अंगठा त्याच्यापासून
एका जवळ्याइतका लांब.
नको! मी ओरडले,
चांगुणाबाईनं पिशवी छातीशी धरली.

पण काकू, यांना आजी कशी माहीत?
अरे, कुठे माहीत आहे?
मेल तुझ्या पत्त्यावर. आजी तू आणलीस, भीतीनं.
प्रिय ग्राहक म्हणजे जो दाबेल तो.
आणि घाई ग्राहकाला असते, बाळा.
बँकेला मी कधी पाहिली नाही.

तरी तिची खात्री पटेना.
मग पासबुकाच्या मागे छापलेला नंबर लावला.
मराठीसाठी दोन. मग बासरी.
आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.
पुन्हा बासरी.
चहा उकळला, गाळला, पिऊन झाला.
सुकटीची पिशवी फ्रीजवर गेली, वास घरभर.
सतराव्या मिनिटाला कॉल आपोआप कटला.

तेव्हा कुठे चांगुणाबाईनं सोफ्याला पाठ टेकली.
"हां," ती म्हणाली, "ही आपलीच बँक हाय."