अठ्ठावन्न की एकोणसाठ

सव्वासातचा उजेड कोळशाला मानवतो.
तिनईघाटाकडून गाडी आधी कानाला लागते,
मग डोळ्यांना.
लोंढ्याच्या फाटकावरचा ईरप्पा
काखेतला हिरवा झेंडा सोडवत म्हणतो,
"सरका की जरा, धूळ येतीय."

मी सरकत नाही.
घाट चढून दमलेल्या वाघिणी,
ओल्या, काळ्या, काठोकाठ.
एकीच्या पत्र्यावर खडूनं मांडलेली बेरीज,
हातचा धरायचा राहिलेला.

तो कन्नडात मोजतो, मी मराठीत.
ओठ हलतात दोघांचे.
एकमेकांकडे बघायचं नाही,
आकडा सांडतो.

शेवटच्या डब्याला आता गार्ड नसतो,
नुसता लाल दिवा
कुणीतरी विसरून टांगल्यासारखा.

"ऐवत्तेंटु," तो म्हणाला.
माझ्या एकोणसाठ.
कॅमेऱ्यात बघितलं: तेवीस फोटो,
त्यातल्या सोळांत ईरप्पाचं कोपर,
एकात झेंडा, सगळी गाडी झाकून.

भांडायला हरकत नव्हती,
पण पलीकडे दुधाचा टेम्पो
हॉर्नवरनं हात काढेना.
"रिकामी परत येईल तवा मोजू,"
म्हणत त्यानं फाटकाचं चाक फिरवलं.

त्याच्या पापण्यांवर कोळसा होता.
मी भिंग पुसलं,
आणि मग, उशिरा, तोंड.