मीटर

मंगळवारी साडेचारला, ग्रीनॉकच्या चर्चमागच्या हॉलात
नऊ पोरं, सहा सुऱ्या, एक शेगडी
आणि मी, एलस्पेथ. गोदीच्या कँटीनात
गोदी होती तोवर रस्से ढवळले.

भिंतीवर थाळीचं चित्र : अर्धी भाजी,
पाव धान्य, पाव डाळ नि मासळी.
त्याकडे कुणी ढुंकून बघत नाही.
मिरेन बाटलीवरचा बारीक मजकूर वाचते,
तेवढी साखर चमच्यानं बशीत काढते,
तेराव्या चमच्याला थांबते.
"फसवलं मेल्यांनी," म्हणते
आणि उरलेलं सरबत पिऊन टाकते.
मी गप्प. बशीतला ढीग तिथंच राहू देते.

रुअरी कांदा चिरतोय.
बोटं आत वळवलेली, पातं पेरांना घासत खाली.
हे मी अजून शिकवलेलंच नाही.
"कुठं शिकलास?"
"घरी. आठ वर्षांचा होतो. आई आजारी असते."
बसचा नंबर सांगावा तसं सांगतो.

मी फळ्यावर लिहिते : बार्लीचं सूप.
गाजर, लीक, सलगम. मीठ बेतानं.
मंद आचेवर दीड तास.

"दीड तास?" सुरी खाली.
"मीटरातले किती जातील?"

बार्लीतलं लोह मला पाठ आहे,
तंतू पाठ, जीवनसत्त्वं पाठ.
दुकानातून कार्ड भरून आणावं लागतं
ती वीज दीड तासाला किती खाते,
हे मात्र मला कुणी विचारलं नव्हतं.
मीही नाही.

रात्री स्टूल ओढून माझ्याच मीटरसमोर बसले.
आकडे पळत होते, मुकाट, उंदरांसारखे.

पुढच्या मंगळवारी रात्रभर भिजवलेली बार्ली नेली
आणि नवऱ्याचा गोदीतला जाड कोट.
दहा मिनिटं खळखळून उकळी. शेगडी बंद.
पातेलं कोटात गुंडाळलं, बाह्यांची गाठ मारली.
"सर्दी झाली का त्याला?" पोरं खिदळली.
मिरेननं झाकणावर आपली टोपी चढवली.

दोन तास पत्ते कुटले. मी तीनदा हरले.
सात वाजता गाठ सोडली,
वाफेनं सगळ्यांचे चष्मे आंधळे.
बार्ली फुललेली, टपोरी.

रुअरीनं एक चमचा तोंडात घोळवला.
"सलगम कच्चं राहिलंय."
"राहिलंय खरं."
"बारीक चिरायचं होतं," तो मला म्हणाला,
उठला, फळ्यावरचा दीड तास बोटानं पुसला
आणि तिथं लिहिलं : दहा मिनिटं. एक कोट.